रामा रंगाचं पान

प्रिय शेठ,

जय श्रीकृष्ण.

‘प्रिय’ लिहिलं खरं, पण खोडायला निघालो होतो. तुम्ही होतात तोवर तुमच्यासमोर कधी खुर्चीवर बसलो नाही, आणि आता थेट प्रिय! पण शाळेत पत्राची सुरुवात अशीच शिकवली होती. आठवीनंतर शाळा सुटली. त्यापुढचं जे काही शिकलो ते तुमच्याकडून आणि भास्कर मास्तरांकडून.

परवा चिरागभाईंचा फोन आला. मी इथे तिरुपूरला एका डाइंगमध्ये आहे. जेवणाची सुट्टी होती, हातात दहीभाताचा डबा होता. “समाधान, पप्पांची वरसी आहे, होळीच्या आधी. तारे आववानुं ज,” म्हणाले. म्हणजे वर्षश्राद्धाला यायचंच. मग उत्साहाने सांगायला लागले. फॅक्टरीच्या खालच्या मजल्यावर काचेचं मोठं कपाट केलंय. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या शेडवह्या त्यात मांडणार. वर तुमचा फोटो आणि पितळी अक्षरांत एक ओळ, ‘ही नजर कधी चुकली नाही.’ आणि मी उभं राहून दोन शब्द बोलायचे, कारण शेवटची वर्षं शेडरूममध्ये तुमच्या बाजूला मी असायचो.

मी हो हो म्हणत होतो. मग ते म्हणाले, “एका वहीतलं एक पान फाडलेलं आहे. तुला आठवतं का, काय होतं त्यात?”

मी म्हटलं, “नाही भाई. आठवत नाही.”

शेठ, ते पान माझ्या खाटेखालच्या पेटीत आहे. खोटं बोललो आणि डबा तसाच बंद केला. जिवंत माणसाला मला हे सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्ही आता मला कामावरून काढू शकत नाही.

*

तुम्हाला आठवतं, मास्तर मला पहिल्यांदा घेऊन आले होते तो दिवस? त्याआधी मी लूमवर होतो, मग भरतकामाच्या मशीनवर, मग पार्सलं पोचवायचो. कुठेच चार महिने टिकत नव्हतो. मास्तर आमच्या सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या गल्लीतले, मूळचे अमळनेरकडचे. त्यांच्या घरी त्यांची बायको, सुशीलामावशी, नवी साडी आणि त्यावरचं ब्लाउजपीस दाखवत होती. सगळे म्हणाले, वा, काय मॅचिंग! मी बोलून गेलो, “मावशी, ब्लाउज जरा लालीवर आहे.” मावशीने डोळे वटारले. मास्तरांनी मात्र दोन्ही कापडं उचलली आणि दारात उजेडाला नेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “भो, तुना डोया तं चांगला शे रे!” तुझा डोळा तर चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्यापुढे उभा. अंगात केशरी शर्ट. तुम्ही नाव विचारलंत. मी म्हटलं, समाधान.

“नाव समाधान, आणि मास्तर म्हणतो एका जागी समाधान नाही!” तुम्ही हसलात. मग माझ्या शर्टाकडे बघून हसू बंद. “आ शुं पहेर्युं छे? शेडरूममध्ये पांढरं. फक्त पांढरं. रंगीत शर्टाची सावली कापडावर पडते. जा, बदलून ये.”

पांडेसऱ्यात पांढरा शर्ट! जिथे गटाराचं पाणीसुद्धा रोज कपडे बदलून वाहतं. मिसळणीच्या खात्यातली पोरं घरी गेली तरी तीन दिवस राणी रंगाचं थुंकायची. मास्तरांचे तळहात मी कधी माणसाच्या रंगाचे बघितलेच नाहीत, सणाच्या दिवशीसुद्धा नखांत निळं असायचंच. आणि तुम्ही मला सांगता, पांढरं! मी दोन शर्ट घेतले. आई रोज एक धुवायची आणि तुम्हाला शिव्या द्यायची. ऐकू आल्या होत्या का हो कधी?

*

तुमची गोष्ट तुम्ही आम्हाला शंभरदा ऐकवलीत. चहा आला की सुरू. तुमच्या वडिलांचं रंगाच्या पुड्यांचं दुकान, गल्लीच्या तोंडाशी. त्यांना वाटायचं मुलाने गादीवर बसावं. तुम्ही सायकलला पुड्या लावून लूमवाल्यांकडे, रंगाऱ्यांकडे निघालात. दुसऱ्याचा माल विकून कंटाळलात तेव्हा पांडेसऱ्यात पत्र्याची शेड घेतलीत आणि रंगाची भुकटी मिसळायला मशीन परवडत नव्हतं म्हणून बांधकामावरचं काँक्रीट कालवायचं मिक्सर आणलंत. जुनं, कुणाचं तरी टाकलेलं. वडील बघायला आले आणि म्हणाले, “घर बांधतोयस की धंदा?” तुम्ही म्हणालात, “बेय.” दोन्ही!

ते मिक्सर चालवायला पहिला माणूस कोण होता, ते तुम्ही प्रत्येक वेळी सांगायचात. भास्कर. तेव्हा त्यांनाही मिसरूड फुटत होतं. तुम्ही शेड सांगायची, मास्तरांनी वजन करून मिसळायचं. पत्र्याच्या शेडची तीन मजल्यांची इमारत झाली, सचिनच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा कारखाना निघाला, पण तुम्हा दोघांचं तेच. सुरतेतल्या मिलवाल्यांना ठाऊक होतं, की हसुभाईंचा रंग आणला की आधी नमुना रंगवून बघायची गरज नाही. सरळ कढईत.

आणि शेडवही. प्रत्येक लॉटमधून चिमूटभर रंग घ्यायचा, त्यात कापडाचा तुकडा शिजवायचा, सुकवायचा, उत्तरेच्या खिडकीत मूळ नमुन्याशेजारी धरायचा. जुळला की “चालशे.” मग तुकडा वहीत चिकटवायचा आणि खाली तुमची सही. चुकलेला तुकडाही फेकायचा नाही. एकदा मी फेकला होता, तर तुम्ही मला कचऱ्याच्या डब्यातून काढायला लावलात. वर म्हणालात, “फक्त बरोबर तुकडे लावलेस तर ती वही नाही, लग्नाचा आल्बम आहे. चुकलेलाही लाव. माझी चूक असेल तर माझ्या सहीने लाव.”

ते वाक्य मला पुढे किती छळणार आहे, तेव्हा काय माहीत!

*

तुमचे डोळे गेलेत हे मला पहिल्यांदा कळलं ती सकाळ सांगू?

तुम्ही आलात, खिडकीशी उभे राहिलात आणि मी बघतच राहिलो. तुमच्या अंगात बिस्कुटी झब्बा. सगळ्यांना पांढऱ्यासाठी झापणारे तुम्ही, बिस्कुटी! मी चेष्टेने म्हटलं, “शेठ, आज सुट्टी का पांढऱ्याला?”

तुम्ही झब्ब्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. “पांढरा तर आहे. सकाळी सकाळी डोकं नको खाऊस.”

मला वाटलं तुम्ही माझी फिरकी घेताय. पण नाही. तुम्ही दिवसभर त्याच झब्ब्यात शेड बघितल्या, आणि मग तिसरी शेड आली. फिरोजी होती. तुकडा सरळ सरळ हिरव्यावर गेलेला. आंधळ्यालासुद्धा दिसावं असं… माफ करा. तुम्ही दोन्ही तुकडे धरलेत, मान डावीकडे केलीत, उजवीकडे केलीत आणि म्हणालात, “चालशे.”

काय करायला हवं होतं मी? सांगा ना! सरळ म्हणायला हवं होतं, शेठ, नाही चालत. पण ज्या माणसाने अख्खी फॅक्टरी नजरेवर उभी केली, त्याला आठवी शिकलेल्या पोराने काय सांगायचं? माझ्या तोंडून निघालं, “शेठ, तुकडा ओला आहे. सुकवून आणतो.”

ओलं कापड गडद दिसतं, ओल्यावर शेड बघायची नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही म्हणालात, “सारुं, सुकवून आण.” मी आत गेलो, निळा थोडा वाढवून मिसळण सुधारली, नवीन तुकडा शिजवला, आणून दिला. तुम्ही पुन्हा म्हणालात, “चालशे.” सही केलीत. आणि मास्तरांकडे सुधारलेलं वजन गेलं.

त्यानंतर वर्षभर तेच. निळ्या-हिरव्यात गडबड झाली की तुकडा ओला. तुम्ही एकदा वैतागून म्हणालात, “आ शुं, तुझा तुकडा सुकतच नाही? पंखा लाव नवीन!” आणि खरंच नवीन पंखा लावलात. मी त्या पंख्याखाली उभा राहून कोरडे तुकडे सुकवायचो, शेठ.

चिरागभाईंनी रंग मोजायचं मशीन आणलं होतं. त्याला विचारलं असतं तर त्याने सगळं सांगितलं असतं. पण तुम्ही त्याच्यावर पांढरा टेबलक्लॉथ टाकून वर गणपती बसवला होता. “हा बघेल आता,” म्हणालात. सगळे हसले. मी पण हसलो.

मी हे कुणालाच बोललो नाही. मास्तरांनाही नाही. मला वाटायचं मी तुम्हाला सांभाळतोय. खरं सांगू? थोडी मजाही वाटायची. सुरतेतल्या एवढ्या मोठ्या शेठची नजर म्हणजे मी! एका जागी न टिकणारा मी तुमच्याकडे का टिकलो, याचं एक कारण तेही होतं. आज वाटतं, मी पहिल्याच दिवशी बोललो असतो तर तुम्ही चार दिवस माझ्याशी अबोला धरला असता, मग डॉक्टरकडे गेला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी झाकलं म्हणून तुमच्या घरच्यांनासुद्धा कळलं नाही.

*

श्रावणात कानबाई बसली. आमच्या खानदेशी घरात कानबाईला जायलाच लागतं, चुलते रागावतात. मी दोन दिवसांची रजा घेतली. जाताना मनात आलं होतं, की या दोन दिवसांत निळी शेड आली तर? मग म्हटलं, दोन दिवसांत काय होतंय!

रामा आली. लग्नसराईच्या साड्यांचा रामा, म्हणजे निळ्या-हिरव्यामधला रंग, मोठा लॉट. साडी एका मिलमध्ये रंगणार, काठ दुसऱ्या मिलमधून आलेले. तुकडा हिरव्यावर गेला होता. तुम्ही खिडकीत धरलात आणि म्हणालात, “चालशे.” तो ओला आहे म्हणणारं कुणी नव्हतं. तुमची सही झाली, आणि मास्तरांनी तुमच्या सहीवर अख्खा लॉट मिसळला.

नवरात्राच्या तोंडावर माल घेतलेली पार्टी आली. टेबलावर साडी पसरली. अंग पोपटाकडे झुकलेलं, काठ मोराकडे. वाकडा दात दिसावा तसं ते दिसत होतं. पार्टीचा माणूस म्हणाला, “हसुभाई, ही साडी आहे की भांडण?”

तुम्ही वही मागवलीत. पान उघडलंत. तुकडा आणि नमुना शेजारी शेजारी. मी तुमच्या मागे उभा होतो. मला ते पान बघताच दिसलं. मास्तरांनाही दिसलं. तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही बोट ठेवून म्हणालात, “जुओ, मी पास केलेला तुकडा बरोबर आहे. मिसळताना वजन चुकलं.” आणि पार्टीवाला बिचारा, तुमच्या नावापुढे त्याने पानाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. हसुभाई म्हणतायत म्हणजे तसंच असणार.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच. 

तुम्ही त्यांच्याकडे न बघता म्हणालात, “भास्कर, उद्यापासून येऊ नकोस.”

शेठ, ज्याने तुमचं काँक्रीटचं मिक्सर फिरवलं त्याला एका वाक्यात! पार्टीसमोर! मला तुमचा राग आला होता. अजून आहे. तुम्ही विचारायचं तरी होतंत, “काय झालं?” आयुष्यभर ज्याच्या वजनावर डोळे मिटून विश्वास टाकलात, त्याच्यासाठी एक प्रश्न जास्त होता का?

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सगळं ओकलो, वर्षभराचे ओले तुकडे. ते ओट्यावर बसून हात चोळत होते, साबणाने न निघणारा रामा नखांत. मावशी आतून ओरडली, “आत्ताच्या आत्ता जाऊन सांग चिरागभाईला!” मास्तर म्हणाले, “नही भो. त्यासना डोया गया. आते नाव जावाले नको.” डोळे गेलेत, आता नावही जायला नको. बाजारात कळलं की हसुभाईंना दिसत नाही, तर उद्या एक पार्टी उभी राहणार नाही, आणि आतल्या सगळ्या पोरांची चूल विझेल. मग म्हणाले, “डोया येवू दे त्यासना. वही उघडतीन, मंग दखाई जाई.” डोळे येऊ देत. वही उघडतील, तेव्हा दिसेलच.

समजलं का शेठ? त्यांनी तुमच्यावर एक काम सोडलं होतं. वाट बघत बसले होते. दुसऱ्या कुठल्या फॅक्टरीने त्यांना मास्तर म्हणून घेतलं नाही, कारण पांडेसऱ्यात वजन चुकवणारा मास्तर म्हणजे संपला. चहाच्या टपरीवर पोरं म्हणायची, “मास्तर, साखर बघून टाका हं, नाहीतर चहा हिरवा व्हायचा.” ते हसून ग्लास उचलायचे. सीझन लागला तसे चलथाणच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टरवर जायला लागले.

*

थंडीत तुम्ही जिन्यावर पडलात. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, कधीचा पिकलाय, इतके दिवस गप्प कसे बसलात? आधी एक डोळा, मग दुसरा. तुम्ही दवाखान्यात होतात त्या दिवसांत मी शेडरूममध्ये एकटा होतो.

आता खरं काय ते ऐका.

मी वही काढली. रामाचं पान उघडलं. मला तुम्ही दिसलात, पट्टी सुटलेले, हे पान बघताना. तुमची सही, तुमचा तुकडा, आणि मास्तर नाहीत. मला वाटलं, हे बघून हा माणूस मोडून जाईल. ते खोटं नाही. पण अर्धंच. दुसरं अर्धं असं, की तुम्ही विचारलं असतं, मग आधी वर्षभर कसं चुकलं नाही? आणि माझं सगळं बाहेर आलं असतं.

मी पान फाडलं. पट्टी ठेवून, सरळ रेषेत, दुकानात कापड कापतात तसं.

मास्तर ज्या पानाची वाट बघत होते, तेच.

*

उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, तुम्ही पहिल्यांदा फॅक्टरीत आलात. गच्चीवर उंधियू, जिलेबी, सगळी पोरं, स्पीकर, “काप्यो छे!” ची आरोळी. तुम्ही काळा चष्मा काढून खिशात टाकलात आणि आकाशाकडे बघून लहान मुलासारखे ओरडायला लागलात, “आ फिरोजी! आ जांबली! अरे, केवढा निळा आहे हा!” चिरागभाई हसत होते. तुम्ही माझा शर्ट चिमटीत धरून म्हणालात, “हा तर खरोखर पांढरा आहे रे, समाधान!” मला रडू आलं होतं. जिलेबी घशात अडकली म्हणून खोकलो.

मग दोन पतंग जवळ आले. एक रामा, एक त्याच्याच बाजूचा, पण हिरव्यावर गेलेला. पेच लागला. पोरं ओरडत होती. तुम्ही ओरडत नव्हतात. तुम्ही त्या दोघांकडे बघत राहिलात, कुणीतरी कापला तरी बघत राहिलात. मग काही न बोलता जिना उतरलात.

मी मागोमाग आलो. तुम्ही शेडरूममध्ये वही काढली होती. पानं उलटत होतात, हळूहळू, प्रत्येक तुकड्याला बोट लावून. जिथे पान नव्हतं तिथे थांबलात. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलंत, वरपासून खालपर्यंत.

“आ पानुं?”

“पाणी पडलं होतं शेठ. तुकडा ओला झाला होता. फाडून टाकलं.”

तुम्ही मान वर केलीत. त्या नव्या डोळ्यांनी माझ्याकडे असं बघितलंत, जसं आधी कधीच बघितलं नव्हतं. “तारी आंख तो सारी छे ने, दीकरा?” तुझे डोळे तर ठीक आहेत ना?

मी म्हटलं, “हो शेठ.”

तुम्ही वही मिटलीत. गच्चीवर परत गेला नाहीत. कितीतरी वेळ तिथेच बसलात, मशीनवरचा गणपती उचलून बाजूला ठेवलात, टेबलक्लॉथ काढून घडी केलीत. मशीन उघडं पडलं. एवढं सगळं केलंत आणि मला परत विचारलं मात्र नाहीत! का नाही विचारलंत? एकदा, अजून फक्त एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. देवाशप्पथ सांगितलं असतं. की तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि मी आपणहून बोलावं म्हणून थांबला होतात?

काही दिवसांनी तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलंत, “भास्कर हल्ली काय करतो?” मी म्हटलं, “ठीक आहे, शेठ.” उसाच्या ट्रॅक्टरवर असलेला माणूस, ठीक आहे! तुम्ही “हं” म्हणालात. 

आणि मग होळीच्या आधी तुम्ही दुपारचं जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत.

*

मास्तर आले होते शेवटच्या दर्शनाला. तुम्हाला दिसले असतील तर ठाऊक नाही. फाटकाबाहेर उभे होते, पांढरा शर्ट घालून. आत बोलावलं नाही कुणी. मी त्यांच्याजवळ गेलो तर हलकेच विचारलं, “वही उघडली होती का रे त्यांनी?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

त्यानंतर मला सुरतेत राहवेना. पान पेटीत घातलं आणि इकडे आलो. इथे भाषा कळत नाही, हे बरंच वाटतं. वाफेत उभं राहायचं, तुकडे बघायचे. दोन युनिटं बदलली. सगळीकडे तेच, थकलोय शेठ. दिवसभर रंग बघतो आणि खोलीवर आलं की पेटीकडे पाठ करून झोपतो. इथला मॅनेजर म्हणतो, तुझी नजर चांगली आहे. मला ते वाक्य ऐकवत नाही.

चिरागभाईंच्या फोननंतर मी मावशीला फोन लावला. “कोन? समाधान? जित्ता शे का तू?” मग जी सुरू झाली! “वरसीनं आमले बोलावनं नही उनं. वह्या काचेत ठेवणार म्हणे. ज्याच्या हातून त्या वह्या झाल्या तो उसात! अन् तू भाषण करनार म्हणे?” मी विचारलं, मास्तर काय म्हणतात?  ती म्हणाली, “काय म्हनतीन? हात धुतस अन् हातकडे दखतस. आते रंग निघी गया ना.” हातांचा रंग निघून गेला म्हणून हाताकडे बघत बसतात.

शेठ, मी सगळीकडून विचार करून बघितला. हे पान दिलं तर पितळी अक्षरं खोटी ठरतील. तुमच्या नावाला डाग लागेल. चिरागभाई मला दारात उभं करणार नाहीत. मास्तर स्वतः म्हणतील, कशाला? पण चुकलेला तुकडाही लाव, असं मला कचऱ्यात हात घालायला लावून कोणी शिकवलं? त्या काचेत जर फक्त बरोबर तुकडे असतील, तर तो तुमच्याच शब्दांत लग्नाचा आल्बम. तो तुम्हाला चालला असता का?

आज पेटी उघडली. पान बाहेर काढलं, दारात उजेडाला नेलं. मास्तरांनी मावशीची साडी नेली होती तसं. तुमची सही तशीच आहे, ‘ह’ची शेपटी लांब ओढलेली. तुकडा हिरव्यावर गेलेला. नमुना रामा. इतक्या दिवसांनीही दोघांत भांडण आहे.

तिकीट काढलंय. गाडी सुरतेला सकाळी पोचते. पण मी सरळ फॅक्टरीत येणार नाही. आधी चलथाणला जाईन, मास्तर ज्या ट्रॅक्टरवर असतील तिथे, आणि पान त्यांच्या हातात देईन. मी फाडलं, हेही सांगेन. त्यांनी कानाखाली दिली तर घेईन. मग त्यांना पांढरा शर्ट घालायला लावेन, मावशीलाही बरोबर घेईन, आणि आम्ही तिघं फाटकातून आत येऊ. बोलावणं असो नसो.

पार्टीवाले येतील, मिलवाले येतील, सगळे माझे दोन शब्द ऐकायला बसतील. मी ते पान वहीत जिथलं तिथे लावेन. मास्तरांनी बरोबर मिसळलं होतं, शेठना दिसत नव्हतं, आणि मी ते वर्षभर झाकलं. एवढं बोलेन, तुमच्या फोटोकडे तोंड करून, आणि बसेन. मधे थांबणार नाही. या खेपेला तुकडा सुकलेला आहे, शेठ.

तुमचा,
शेडरूममधला
समाधान